मंगळसूत्राचा डाग नव्हता तो

अक्का, तुम्ही गेल्यापासून तुमच्या घरात सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात होतोय. माणसं येतात, बसतात, जातात आणि मी आत गॅसपाशी उभी. तुमचं ते कान तुटलेलं छोटं पातेलं ओट्यावर पालथं पडलंय. पहिल्या दिवशी सवयीनं मी त्यातही बिनसाखरेचा चहा ठेवला होता. उकळून उकळून तळाला गेला तेव्हा लक्षात आलं. शुभाताई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी गॅस बंद केला.

दमलेय, अक्का. रडून नव्हे, रडायला अजून जागाच मिळाली नाही. तुमच्याकडं पाहुण्यांचं करायचं, मग पलीकडच्या अपार्टमेंटमधल्या स्वयंपाकाला जायचं, मग खोलीवर. जेवल्यावर डोळ्यांवर येणारी ती ओळखीची झापड पुन्हा सुरू झालीय. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सुरेखा, काय खाल्लंस ते सांग आधी." भात खाल्ला, अक्का. उभ्यानं, कुकरमधलाच.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर लिहायचं होतं. शुभाताई मला म्हणाल्या, तुम्ही लिहा, शेवटची वर्षं आईजवळ तुम्हीच होतात. मी म्हटलं, माझी शाळा सातवीत सुटलीय. तर म्हणाल्या, आईशी बोलायचात तसं लिहा. म्हणून हे असं लिहितेय. तुमचं माहेर कुठलं, अण्णा कुठल्या फॅक्टरीत होते, मंडळासाठी तुम्ही काय काय केलंत, ते बाकीचे सांगतील. मला मानेबद्दल बोलायचंय. तुमच्या, माझ्या आणि माझ्या लेकीच्या, तेजूच्या.

आम्ही सांगलीकडून आलो ते ह्यांना विमानतळाच्या टॅक्सीचं काम मिळालं म्हणून. बंगळुरात, येलहंक्यात खोली घेतली. कानडीचा एक शब्द येत नव्हता. भाजीवाल्यानं साधं काही विचारलं तरी भाजी न घेता परत फिरायचे. कुणीतरी म्हणालं, मागच्या गल्लीत एक मराठी अक्का आहेत, त्यांना स्वयंपाकाला बाई हवीय. तुम्ही दार उघडलंत आणि म्हणालात, "बा. म्हणजे ये. हा पहिला शब्द शिकून घे." दुसरा शब्द शिकवलात तो स्वल्प. थोडंसं. पण 'स्वल्प भात वाढ' म्हणून वाटीभर घ्यायचा, ही तुमची स्वतःची कानडी होती. आमच्याकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. पण सगळी गल्लीच अक्का म्हणायची, मग मीही म्हणू लागले.

गावाकडून निघताना माझं सोन्याचं मंगळसूत्र मोडलं होतं. गळ्यात खोटं होतं. इथं आल्यावर हळूहळू मान काळी पडत गेली. मागच्या बाजूला, केसांखाली, जाडसर, हात फिरवला तर मखमलीसारखी लागायची. मला वाटलं खोट्या सोन्याचा डाग. आमच्या गावात बायका असंच ओळखायच्या. हळदीकुंकवाला कुणाची मान काळी दिसली की नजरेनंच एकमेकींना सांगायच्या, हिचं खोटं आहे. म्हणून मला लाज काळेपणाची नव्हती. आपलं सोनं गेलंय हे चारचौघींत कळतंय, त्याची होती. बेसन लावलं, लिंबू चोळलं, टाचांची वजरी घेऊन घासलं. कातडी सोलली, डाग तसाच. मग एका दिवाळीत ह्यांनी खऱ्या सोन्याच्या दोन वाट्या आणल्या. मला वाटलं, आता जाईल. नाही गेला. मंडळात तुमच्याबरोबर यायचे तेव्हा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेऊन बसायचे. तुमच्या मैत्रिणींना वाटायचं, केवढी सोज्वळ बाई.

तो उन्हाळ्यातला दिवस होता. करंट गेला होता. मी केस वर बांधून पोळ्या लाटत होते आणि तुम्ही पाण्याची बाटली भरायला आत आलात. माझ्या मागं नुसत्याच उभ्या राहिलात. मग विचारलंत, ही मान कधीपासून अशी आहे. मी पदर ओढला आणि सांगितलं, जुन्या मंगळसूत्राचा डाग आहे, जाईल हळूहळू.

तुम्ही बाटली खाली ठेवलीत. माझ्याकडं पाठ केलीत, पदर खाली सोडलात आणि तो पांढरा अंबाडा हातानं वर उचललात.

"बघ."

तुमची मान माझ्यापेक्षा काळी होती.

"अण्णांना जाऊन किती वर्षं झाली? मी कुठं घालते मंगळसूत्र? मग हा डाग कशाचा?"

तव्यावरची पोळी करपली. तुमच्या वयाची बाई माझ्यासारखीसमोर पदर सोडून, आयुष्यभर झाकलेलं असं दाखवते, हे मी कधी बघितलं नव्हतं. तुम्ही अंबाडा सोडलात, पदर घेतलात आणि जणू काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणालात की शुभा शाळेत होती तेव्हाच ही मान अशी झाली होती, पण तेव्हा कुणी सांगितलं नाही. साखर सापडली ती डोळ्यांवर आल्यावर.

मग तिथंच ओट्याला टेकून तुम्ही एकेक विचारत गेलात. पाळी वेळेवर येते का. पोटावरच वजन वाढतं का. जेवल्यावर पेंगतेस का. मी प्रत्येकाला हो किंवा नाही म्हणत गेले.

"बाळंतपणात साखर वाढली होती?"

"वाढली होती. पण ती तेजू झाल्यावर गेली."

"गेली म्हणून कुणी सांगितलं?"

कुणीच नाही, अक्का. परत कधी तपासलीच नव्हती. तेजू चांगली दणदणीत जन्मली होती. वॉर्डातल्या बायका तिला बघायला यायच्या, नर्सबाई पैलवान म्हणायच्या. एवढं मोठं बाळ झाल्यावर आईची साखर कोण विचारतंय? तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि म्हणालात, "सरी, बरं. उद्या सकाळी ये. काही खाऊ नकोस, चहासुद्धा नाही."

डॉक्टरीणबाईंनी टेपनं माझी कंबर मोजली. मी आयुष्यात टेप फक्त शिंप्याकडं बघितलेली. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, आता ब्लाउज कधी मिळणार ते विचार जाऊन. मी घाबरलेली होते तरी हसले. रिपोर्टात मधुमेह निघाला नाही, पण उंबरठ्यावर उभी आहे असं निघालं. डॉक्टरीणबाई कानडीत बोलत होत्या, मला काही कळलं नाही. परतताना रिक्षात तुम्ही समजावलंत. ते मला शब्द न् शब्द आठवतंय, कारण तुम्ही माझ्याच कामातलं उदाहरण घेतलं होतंत.

म्हणालात, "तुझ्या त्या अपार्टमेंटमधे जेवण घेऊन माणूस येतो. बेल वाजवतो. आतले सगळे कानात गाणी घालून बसलेले, ऐकू कुणाला जातंय? मग तो बेलवर बोट दाबूनच धरतो. शेवटी दार उघडतं, जेवण आत जातं. लांबून बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. तो किती वेळ बेल वाजवत होता ते कोण बघतो? तुझं इन्शुलिन म्हणजे तो माणूस. साखर आत जावी म्हणून बेल वाजवतोय आणि तुझं अंग बहिरं व्हायला लागलंय. ती काळी मान त्याचीच खूण. आज अजून दार उघडतंय. ज्या दिवशी त्याचं बोट दमेल, त्या दिवशी माझ्यासारखी सुई."

मी विचारलं, मग मी काय करू. तुम्ही म्हणालात, आतल्यांना जागं कर.

ते जागं करणं म्हणजे काय, तर तुम्ही माझं जेवण बदललंत. मला वाटलं होतं पथ्याचा कागद द्याल. तुम्ही खुर्ची दिलीत. माझी रीत तुम्हाला ठाऊक होती. सगळ्यांचं झालं की दुपार कलल्यावर ओट्याशी उभं राहून उरलेला भात, पोरीच्या ताटातला अर्धा घास, तळाची खरवड, सगळं संपवायचं. टाकायचं नाही ना. घरोघरी बायका अशाच जेवतात, मी तर घरोघरचंच खायची. तुम्ही म्हणालात, या घरात गॅस पेटवायच्या आधी तू जेवशील. मटकीची उसळ, काकडी, एक भाकरी. मालकिणीच्या आधी तिच्याच टेबलावर बसून जेवायचं, माझ्या घशाखाली उतरेना. मी उठायला लागले की तुम्ही बोटानं खुर्ची दाखवायचात.

"आधी तू बस."

आणि समोर बसून तुम्ही पोटाला इन्शुलिनची सुई टोचून घ्यायचात. मी टोचते, तू चाव, म्हणायचात.

संध्याकाळी तुम्ही मला तळ्यापर्यंत चालायला न्यायचात. मला चालवायचं म्हणून तुम्ही यायचात, की तुम्हाला बेकरीपर्यंत जायचं असायचं म्हणून मला घ्यायचात, हे मी कधी विचारलं नाही. दिलपसंद दिसलं की तुमची चाल मंद व्हायची. तो खोबऱ्याचा, साखरेत घोळलेला चतकोर तुम्ही अशा काही निष्पाप चेहऱ्यानं खायचात की दुकानदारही दुसरीकडं बघायचा. मी रागवायची. तुम्ही ओठांवरचा चुरा पुसत म्हणायचात, "स्वल्प." मला मुगाची डाळ आणि स्वतःला दिलपसंद. यावरून आपण किती भांडलो. तुमचं म्हणणं, माझं व्हायचं ते होऊन गेलं, तुझं अजून व्हायचंय. माझं म्हणणं, असं कधी होऊन जात नसतं. ते भांडण तसंच अर्धवट राहिलंय, आणि त्यात मी बरोबर होते, अक्का.

माझी पाळी सुधारली. पोट उतरलं. मानेचा रंग थोडा उजळला, पुरता गेला नाही. चमत्कार काही झाला नाही. यंदा पुन्हा थोडं वजन चढलंय, कारण अपार्टमेंटमधलं काम वाढलं आणि चालणं सुटलं. पण गावाकडं जाते तेव्हा जावा-नणंदांच्या माना बघते. आधी बघायचे ती सोनं खरं की खोटं म्हणून. आता वेगळ्याच भीतीनं बघते.

आणि मग तेजू. तिची मान तुम्ही माझ्याआधी बघितलीत. चौदावं लागलं होतं. एकदा पाळी आली आणि मग कित्येक महिने आलीच नाही. गावाकडून नणंद फोनवर म्हणाली, कोवळी आहे, येईल. शाळेत पोरी विचारायच्या, तू आंघोळ करत नाहीस का. म्हणून ती ऐन उन्हाळ्यातसुद्धा केस मोकळे सोडून हिंडायची. तुम्ही म्हणालात, तिला तपासायला घेऊन ये, मी येते बरोबर. मी नको म्हटलं.

का नको, ते तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून आज सांगते. या वयात पोरीला एकदा आजाराचं नाव चिकटलं की गावात तेच तिचं नाव होतं. त्याहून जास्त म्हणजे मला माझीच भीती पुरेशी झाली होती. रिपोर्ट आल्यापासून रोज आरशात मान बघून दिवस काढलेत मी. घास घेताना मनात हिशेब, जरा चक्कर आली की घाम. ते सगळं त्या लेकराच्या अंगात कशाला भरायचं? मी हे असंच काहीतरी बोलले.

तुम्ही म्हणालात, "भीती तिच्या अंगात आधीच आहे. नाहीतर केस कशाला मोकळे सोडते ती?"

कोंडीत सापडलं की माणूस हाताला येईल ते फेकतं. मी म्हटलं, "तुमच्या शुभाताईंना नेलंत का तुम्ही?"

त्याच वेळी हवाई दलाचं विमान घरावरून गेलं. येलहंक्यात हे रोजचंच, विमान गेलं की आपण बोलणं थांबवायचो आणि आवाज विरला की पुढचं वाक्य बोलायचो. त्या दिवशी तुम्ही थांबला नाहीत. तुमचे ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं नाही. विमान गेल्यावर मी विचारायला हवं होतं, काय म्हणालात. मी तांदूळ धूत राहिले. तुम्ही काठी घेऊन बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलात.

त्यानंतर आपण फक्त भाजीबद्दल बोललो. दोडके आण. मीठ कमी घाल. मग त्या शेवटच्या दुपारी तुम्हाला घाम आला, शेजारच्या बाईंना तुम्ही म्हणालात पित्त झालंय, जिरं द्या. मी तेव्हा अपार्टमेंटमधे फोडणी देत होते. दवाखान्यात सांगितलं की हृदय होतं. इतकी वर्षं साखर असली की कधी कधी छातीत दुखतच नाही म्हणे. तुम्हाला दुखलं नाही, एवढंच मी स्वतःला सांगते.

दहावा झाला त्या दिवशी शुभाताई कपबश्या विसळायला आत आल्या. मी नको नको म्हणत होते, त्यांनी ऐकलं नाही. पुण्यातल्या ऑफिसात दिवसभर बसणारी तुमची लेक नळाशी उभी राहिली आणि उकडतंय म्हणून क्लिपनं केस वर बांधले. अक्का, मला बघायचं नव्हतं. डोळे गेलेच.

त्यांना पाठीमागूनसुद्धा कळलं. वळल्या नाहीत. म्हणाल्या, "बघू नका. माहीत आहे मला."

पाणी चालूच होतं.

मग त्या सांगत गेल्या. आई दर फोनला विचारायची, गेलीस का तपासायला. मी म्हणायचे, पुढच्या आठवड्यात. ऑफिस, मुलांची परीक्षा, काहीतरी असायचंच. खरं तर रिपोर्टात आईसारखंच काही निघालं तर काय, ह्याची भीती. मग मधेच आईनं विचारणंच बंद केलं. शेवटच्या फोनवर एकदाच म्हणाली. इथं शुभाताईंनी नळ बंद केला.

"म्हणाली, तू गेली असतीस तर सुरेखाच्या पोरीसाठी बोलायला मला तोंड राहिलं असतं."

विमानाच्या आवाजात तुम्ही मला काय म्हणालात, ते मला कधीच कळणार नाही. पण माझं बोलणं तुम्ही कुठं नेऊन ठेवलंत ते कळलं. मला वाटलं होतं तुम्ही रागावून व्हरांड्यात गेलात. तुम्ही तर ते खरं मानून गेला होतात.

शुभाताईंनी हात पुसले आणि म्हणाल्या, माझी परवाची गाडी आहे. उद्या सकाळी जाऊ या का, आपण तिघी. मी हो म्हटलं. धीर आला म्हणून नव्हे. नाही म्हणायची ताकदच उरली नव्हती.

संध्याकाळी खोलीवर तेजूचे केस विंचरायला बसले. कसं सांगावं सुचेना. मग तुम्ही केलंत तेच केलं. तिच्याकडं पाठ केली, पदर सोडला, केस वर धरले. म्हटलं, बघ, तुझ्यासारखीच आहे. मग तिनं एक बोट हळूच माझ्या मानेवरून फिरवलं.

"मम्मी, हे घासून जात नाही ना?"

"नाही. मळ नाहीच तो."

"मला वाटलं मीच घाणेरडी आहे."

अक्का, तुम्ही म्हणाला होतात ते असं निघालं. भीती होतीच, फक्त त्या भीतीला नाव नव्हतं. मी तिच्या केसांचा घट्ट अंबाडा बांधला, तुमच्यासारखा, वर.

आज सकाळी गेलो. अपार्टमेंटमधे फोन करून सांगितलं, उशीर होईल. त्या डॉक्टरीणबाईंकडंच, खाली रक्त तपासायची खोली आहे तिथं. नर्स मुलगी कानडीत विचारत होती. आईला शुगर होती का, असं तिनं शुभाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, होती. मग मला विचारलं. माझ्या तोंडून पटकन निघालं, इत्तु, होती. शुभाताईंनी माझ्याकडं बघितलं. माझी आई तर कसलीही तपासणी न करता शेतातून घरी येऊन झोपली ती झोपलीच, तिला काय होतं कुणाला ठाऊक. मी नर्सला सांगितलं, चुकलं, गोत्तिल्ला, माहीत नाही असं लिहा. तिनं तसं लिहिलं. शुभाताईंनी माझा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

रक्त काढल्यावर साखरेचं पाणी प्यायला दिलं. तिघींना एकेक ग्लास. आता ते पिऊन तिथंच बसून राहायचं आणि परत रक्त द्यायचं. इतकं गोड की मला मळमळलं, शुभाताईंनी नाक दाबून घेतलं. तेजूनं मात्र ग्लास तोंडाला लावला, थांबली, आणि म्हणाली, "अज्जीला हे फार आवडलं असतं."

शुभाताई आधी हसल्या, मग रडायला लागल्या. बाकावरच्या बायका बघत होत्या. मला दोन्ही जमलं नाही. तेजूनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं, तिची उघडी मान माझ्या हनुवटीशी होती. रिपोर्ट उद्या मिळणार आहेत. काय निघेल ठाऊक नाही. तिकडं अपार्टमेंटमधे भांडी, कणीक, सगळं तसंच पडलेलं. सकाळची वेळ, घरातली सगळी उपाशी, गॅस अजून पेटलेला नाही.

आणि मी बसले होते, अक्का. आधी बसले होते.